चिमणीची दाढ

धानाची कापणी आटोपत आली की तेलीबांध्याच्या चौकात पैरा भरलेल्या ट्रॉल्या दिसायला लागतात. पैरा म्हणजे धानाचं वाळलेलं तणस. ट्रॉली अशी फुगलेली असते की मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही आणि पुढच्याला मागचा हॉर्न ऐकू येत नाही. सिग्नलला थांबली की काड्या उडतात, कुणाच्या हेल्मेटवर बसतात, कुणाच्या नव्या कोऱ्या मोटारीच्या काचेला चिकटतात. मोटारवाले काच खाली करून ट्रॅक्टरवाल्याचा उद्धार करतात आणि पुन्हा काच वर करून थंड हवेत बसतात. मला मात्र तो वास आला की बरं वाटतं. उन्हात तापलेला, जरासा गोड, जरासा धुळकट असा तो वास आहे. इतकी वर्षं रायपुरात काढली, पण थंडी आली हे मला स्वेटर सांगत नाही, पैरा सांगतो.

आमच्या सौभाग्यवती, म्हणजे कुमुद, पाचव्या मजल्याच्या बाल्कनीत उभी राहून प्रत्येक ट्रॉलीची परीक्षा घेते. "हा भिजेल हाये पाहा. काळा पडला. याले जनावर तोंड लावणार नाही," असं ती मला सांगते. घरात जनावर नाही. सोसायटीत तर कुंडीत पाणी जास्त झालं तरी खालच्या मजल्यावरून फोन येतो. पण चांगला पिवळाधमक पैरा गेला की कुमुदचा चेहरा खुलतो आणि काळवंडलेला गेला की तिचा जीव कळवळतो. एवढ्या उंचीवरून तिला पैऱ्याची जात कशी कळते हे मला अजून उमगलेलं नाही. माझ्या शर्टाची फाटलेली बाही तिला आठवडाभर दिसत नाही, ते सोडा.

या दिवसांत मला तीनेक वर्षांपूर्वीचा असाच हंगाम आठवतो. त्या हंगामात आमची लेक एका दाढेसाठी कासावीस होऊन घरात हिंडत होती.

आमची जुई मातीतून निघालेल्या जुन्या हाडांवर काम करते. शेजारचे विचारतात, "बिटिया क्या करती है, अंकल?" मी सांगतो, गाई-बैलांचे दात पाहते. ते म्हणतात, अच्छा, जनावरांची डॉक्टर. मी म्हणतो हो, पण तिचे पेशंट हजारो वर्षांपूर्वीच गेलेले. मग ते विषय बदलतात. सतराव्या वर्षी शिकायला म्हणून बाहेर पडलेली ही पोरगी पुष्कळ शहरं फिरून नवा रायपूरकडच्या एका संस्थेत नोकरीला आली आणि पुन्हा आमच्यासोबत राहू लागली. मराठी तिला सगळं समजतं. उत्तर मात्र हिंदीत देते. कुमुद वऱ्हाडीत बोलते, जुई हिंदीत, मी मधला दुभाषी, आणि दोघींना दुभाष्याची गरज नाही.

महानदीच्या काठी एका जुन्या वस्तीचं टेकाड आहे. तिथं खणताना गुरांचे जबडे निघाले होते. ते लोक राहत होते तेव्हा पाऊस कसा होता, भोवती माळ होता की धानाची शेतं, गुरं चरायला जात की दावणीला खात, हे जुईला त्या दातांतून काढायचं होतं. मला आधी हे ज्योतिषासारखं वाटलं. एका रविवारी तिनं मला समोर बसवून समजावलं, आणि मी आयुष्यभर सरकारी कचेरीत फायली वाचत आलो असलो तरी हे मला एका बैठकीत कळलं.

हाड जन्मभर झिजतं, भरतं, बदलत राहतं. दातावरचं कवच मात्र एकदा घडलं की घडलं. गाईची शेवटची दाढ तिच्या दुसऱ्या वर्षात जबड्याच्या आतच, वरून खाली, थराथरानं तयार होते. त्या काळात गाईनं जे खाल्लं, जे पाणी प्यायलं, त्याची खूण त्या थरांत राहते. कार्बन हलका असतो तसा थोडा जडही असतो. ज्वारी, मका, ऊस, पावसाळ्यातलं माळावरचं गवत यांच्यात जडाचा वाटा जरा जास्त. धान, गहू, डाळी, झाडाचा पाला यांच्यात कमी. ही दोन्ही रूपं काळानं विरून जात नाहीत, म्हणून त्यांना स्थिर समस्थानिकं म्हणतात. पाण्यातल्या ऑक्सिजनचंही असंच. पावसाचं ताजं पाणी हलकं, उन्हाळ्यात आटत चाललेल्या तळ्याचं जड. दाढेवर वरपासून खालपर्यंत बारीक बारीक आडव्या रेघा कोरायच्या, प्रत्येक रेघेची चिमूटभर भुकटी वेगळी ठेवायची आणि यंत्रात मोजायची. मग ऑक्सिजन ऋतू सांगतो आणि कार्बन ताट सांगतो.

"म्हणजे तुझ्या आईचं माहेर जड आणि सासर हलकं," मी म्हणालो. कुमुदचं माहेर अमरावतीकडचं, ज्वारीच्या मुलखातलं, आणि सासर हे असं भातखाऊ. जुई हसली. "हां बाबा, बिलकुल वैसा ही." कुमुद तेव्हा मेथी निवडत होती. तिनं वर न बघता विचारलं की जड सून आणल्याबद्दल कोणाची तक्रार आहे का. कोणाची नव्हती.

तर अडचण अशी होती. मोजपट्टी वापरायची तर तिच्यावर आधी खुणा हव्यात. जुन्या दाढा वाचायच्या तर आजची, इथल्याच मातीतली, इथलंच पाणी प्यायलेली एखादी दाढ हवी, आणि त्या गाईनं दुसऱ्या वर्षी काय खाल्लं हे नीट पाहिलेलं माणूसही हवं. गाई रायपुरात कमी नाहीत. पण गोल बाजारातल्या गाईच्या दुसऱ्या वर्षाची साक्ष कोण देणार? तिनं झेंडूचे हार, पुठ्ठे, सडका पाला आणि माझ्या देखत एका कापडवाल्याच्या पूजेच्या ताटातलं सगळं खाल्लेलं. डेअरीतल्या गाई पोत्यातलं तयार खाद्य खातात, त्यात काय काय असतं ते डेअरीवाल्यालाही ठाऊक नसतं. जुई गावोगाव फिरून आली. "कोई नहीं बता पाता, बाबा," ती म्हणायची. "सब बोलते हैं, घास खाती थी." तिच्या कितीतरी वर्षांच्या कामाला त्या एका दाढेपाशी कुलूप लागलं होतं आणि ती दिवसेंदिवस गप्प होत चालली होती.

एका संध्याकाळी जेवताना माझ्या तोंडून निघून गेलं, "चिमणीची चालणार नाही का?"

कुमुदचा वाढता हात थांबला.

चिमणी ही आमची गाय. आम्ही तेव्हा जुन्या शहरात, पाऱ्यातल्या, म्हणजे जुन्या मोहल्ल्यातल्या घरात राहत होतो. मागं थोडी मोकळी जागा होती, पेरूचं झाड होतं आणि एक पत्र्याचा आडोसा होता. पाऱ्यातली गुरं चारायला नेणारा बिसाहू राऊत एका सकाळी खांद्यावर वासरू घेऊन आला. वासराची आई व्यायल्यावर गेली होती. "दीदी, एला तैं राख ले," तो कुमुदला म्हणाला, हिला तूच ठेव. वासरू इतकं लहान आणि इतकं पिंगट होतं की जुईनंच त्याला चिमणी म्हटलं. कुमुदनं त्याला बाटलीनं दूध पाजलं. मी ऑफिसातून आलो की घरात एक शेणाचा आणि एक दुधाचा असे दोन वास असायचे, आणि हळूहळू मला दोन्ही आवडायला लागले.

चिमणी मोठी झाली, व्याली, आणि पाऱ्यातल्या निम्म्या घरांनी तिचं दूध प्यायलं. दिवाळीनंतर बिसाहू आणि बाकीचे गुराखी राऊत नाचत, दोहे म्हणत यायचे आणि तिच्या गळ्यात पळसाच्या मुळांची माळ, सोहई, बांधायचे. कुमुद बिसाहूच्या हातावर नवं कापड ठेवायची, त्याला पोटभर जेवू घालायची आणि चिमणीला विचारायची, "झाली का वं खुश?" ती आमच्याशी असं कधी बोलली नाही. जुईशीसुद्धा नाही. कुमुदची माया पुष्कळ होती, पण बोलण्यात ती फार काटकसरी. जनावराशी बोलताना मात्र तिचा हात सैल सुटायचा.

मग पाऱ्यातलं घर गेलं आणि आम्ही या फ्लॅटात आलो. लिफ्टमध्ये गाय मावत नाही, हे मी गमतीनं म्हणालो आणि कुमुद माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. चिमणीला बिसाहूनं अभनपूरच्या बाजूला आपल्या गावी नेलं. कुमुद दर सणाला तिला भेटायला जायची. चिमणी तिथंच म्हातारी होऊन गेली. निरोप येताच कुमुद मला घेऊन पोचली आणि तिनं चिमणीला कोणाच्या हवाली करू दिलं नाही. बिसाहूच्या शेताच्या कडेला, परशाखाली, म्हणजे पळसाखाली खड्डा खणवला, मीठ घातलं, हळदकुंकू वाहिलं, नवं पातळ पांघरलं आणि माती दिली. परतताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली होती आणि मी तिच्या हातावर हात ठेवला होता.

त्या चिमणीची दाढ मी जेवणाच्या ताटावर मागितली होती.

"माती दिलेल्याले उकरतात का?" कुमुद म्हणाली. एवढंच. वरण वाढून झालं, भात वाढून झाला, ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जास्तच जोरात घासू लागली.

जुईला मी खुणेनं गप्प राहायला सांगितलं. पण पोरीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते लपत नव्हतं. चिमणीचं दुसरं वर्ष जुईच्या आईनं डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. तिला हवी होती तशी जगात एकच दाढ होती, आणि ती तिला मागता येत नव्हती. पुढचे काही दिवस घरात सगळे एकमेकांशी फार सभ्यपणे वागत होते. आमच्या घरात सभ्यपणा आला की समजावं काहीतरी बिनसलंय. कुमुद सकाळी देवासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायची. मी चहाला छान म्हणायचो. जुई "थैंक्यू आई" म्हणायची. थैंक्यू म्हणजे कळसच.

मग एका दुपारी जुईनं टेकाडातली एक दाढ घरी आणली, कापसात गुंडाळून. घरात हाड आणू नको, हा कुमुदचा जुना दंडक. जुईनं तो मोडला आणि दाढ आईच्या तळहातावर ठेवली. लांबट, पिवळसर, बाजूनं उभ्या कंगोऱ्यांची. मला वाटलं आता ठिणगी पडते. पण कुमुदनं ती झटकली नाही. अंगठ्यानं तिच्यावरची धूळ पुसत राहिली.

"नाव काय होतं हिचं?"

"नाम नहीं है, आई. नंबर है."

"नंबर तुमचा. हिच्या घरच्यांनी काहीतरी नाव ठेवलं असंन ना?"

"ठेवलं असेल," जुई म्हणाली. मराठीत म्हणाली, की चुकून म्हणाली, कोण जाणे. "पण ते सांगायला कोणी नाही राहिलं. कुणीच नाही. इसलिए तो दांत से पूछना पड़ता है."

कुमुद बराच वेळ त्या दाढेकडे पाहत होती. "म्हणजे मी गेल्यावर चिमणीचंबी असंच. कोणाले काही माहीत नसंन, ते कशी होती, काय खात होती."

तिनं दाढ पुन्हा कापसात ठेवली.

"मी सोता काढीन," कुमुद म्हणाली. "बाकी कोणी हात लावाचा नाही. आन काढून झालं का पुन्हा मीठ घालून झाकाचं."

अभनपूरच्या बाजूला आम्ही गेलो त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान कापून पडलं होतं. काही शेतांत नुसते खुंट राहिले होते आणि त्यांत बगळे फिरत होते. खळ्याखळ्यांवर यंत्रांचा आवाज, हवेत भुसा, आणि माझ्या नाकात तो वास. बिसाहू आता वाकला होता. कुमुदनं जागा विचारली तर हसला. "हव दीदी, ओही परसा तरी हे," तो म्हणाला, त्याच परशाखाली आहे. त्यानं कुदळ मारून वरची माती मोकळी केली आणि बाजूला सरला. पुढं कुमुद गुडघ्यांवर बसली. पदर खोचून, दोन्ही हातांनी माती काढू लागली. तिचे गुडघे दुखतात, तिला जिने चढवत नाहीत, पण त्या दिवशी मी उठ म्हणायला धजलो नाही.

जबडा दिसला तशी ती थांबली. मला वाटलं होतं रडेल. ती रडली नाही. कपाळावर येणारे केस मागं सारताना नाकाला माती लागली, आणि ती अगदी घरातल्या आवाजात म्हणाली, "उठवली तुले, काय करू. पोट्टीचं काम अडलं होतं." मग तिनं जबडा उचलून जुईच्या ओंजळीत दिला. माझी लेक, जिनं शेकड्यानं जबडे हाताळले असतील, ती तो एक जबडा असा धरून उभी होती जणू बाळंतिणीनं पहिल्यांदा मूल हातात दिलंय. आम्ही सोबत मीठ नेलं होतं ते घातलं, माती सारखी केली आणि बिसाहूच्या घरी लाल भाजी आणि भात जेवून परत आलो.

नंतरचे दोन-तीन दिवस जुईनं आईची उलटतपासणी घेतली. मला ऐकायला मजा येत होती. चिमणी चरायला कुठं जायची, कोणत्या तळ्यावर पाणी प्यायची, पावसाळा सरल्यावर काय, थंडीत काय, उन्हाळ्यात काय. कुमुदनं न अडखळता सांगितलं. पावसाळ्यात माळावरचं गवत. दिवाळीपासून पैरा आणि धानाचा कोंडा. उन्हाळ्यात पैराच, कारण गवत राहतच नाही. पाणी आधी तळ्याचं, मग आटल्यावर बोअरिंगचं. कोणत्या साली कोणत्या महिन्यात तळं आटलं तेही तिला ठाऊक होतं. लग्नाची तारीख मी विसरलो तर मला ऐकवणारी ही बाई स्वतः मात्र लग्नाचा वाढदिवस चिमणीच्या पहिल्या वेताच्या आगेमागे येतो म्हणून लक्षात ठेवते.

दाढ वयानं वरून झिजली होती. पण खालचा बराच भाग शाबूत होता, आणि त्यात तिच्या दुसऱ्या वर्षातली थंडी आणि उन्हाळा नीट उतरला असणार, असं जुई म्हणाली. भुकटी दुसऱ्या शहरातल्या यंत्राकडं गेली. तिथं रांग असते. हंगाम संपला, पैरा गावोगाव रचला गेला, थंडी ओसरली. उत्तर आलं तेव्हा पळस फुलला होता.

जुई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती आणि तिचा चेहरा पाहून मला कळलं की काहीतरी चुकलं आहे.

"आई, ठंड और गर्मी में चिमणी को क्या दिया था?"

"पैरा. सांगतलं ना तुले."

"सिर्फ पैरा?"

"पैरा, कोंडा. काहून?"

जुईनं पडदा आमच्याकडं वळवला. एक रेघ ऋतूंची होती. पावसाळा, थंडी, उन्हाळा, सगळं जिथल्या तिथं. दुसरी रेघ ताटाची. पावसाळ्यात ती वर होती, म्हणजे गवत. दिवाळीनंतर पैऱ्यासोबत खाली उतरली, तेही बरोबर. तिथून पुढच्या पावसापर्यंत ती तळाशीच सपाट राहायला हवी होती. पण ऐन थंडीत ती हळूच उचलली होती. फार नाही. एखाद्या निजलेल्या माणसानं चादरीखाली गुडघा वर घ्यावा, एवढीच. उन्हाळाभर ती तशी राहिली आणि मग पावसाळी गवतात मिसळून गेली.

"पैऱ्यानं असं होत नाही," जुई म्हणाली. "काहीतरी जड खाल्लंय हिनं. और अगर हमें ही नहीं पता कि क्या, तो ये दांत मेरे किसी काम का नहीं." मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "शायद तुम्हें याद नहीं है, आई. इतने साल हो गए."

"मले आठवत नाही?" कुमुद म्हणाली. ती उठली, स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला. मग ती दारात येऊन उभी राहिली. हात पदराला पुसत होती आणि ते केव्हाच कोरडे झाले होते.

"ज्वारी," ती म्हणाली. "संक्रांतीपासून ज्वारी खाल्ली तिनं."

जुईनं वर पाहिलं.

"मामा पोतं धाडे ना दर संक्रांतीले? तुले भाकर आवडे म्हणून. तुया बाबाले तं भातच लागते. त्या वर्षी तू आषाढातच गेलती. त्याले वाटलं तू सुट्टीत येशीन, त्यानं पोतं धाडलं. मी बी नाही म्हटलं नाही." ती खुर्चीवर बसली. "तू गेल्यापासून तवाच ठेवला नव्हता मी. पोतं आलं तशी ठेवाले लागली. रोज दुपारी तुया वाटच्या भाकरी करो. सवय होती हाताले. आन करून झाल्या का मंग ध्यानात ये. मले एकटीले ते घशाखाली उतरत नव्हतं. मंग चिमणीपुढं ठेवो. कधी पीठ कालवून, कधी घुगऱ्या शिजवून. अख्खं पोतं तिनं संपवलं, पाऊस लागेपर्यंत."

"पण सांगितलं का नाहीस? मैंने कितनी बार पूछा, क्या खिलाया."

"तू चाऱ्याचं इचारलं," कुमुद म्हणाली. तिला खरोखर आश्चर्य वाटलं होतं. "ते चारा नव्हता. ते तुयं जेवण होतं."

माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. ते वर्ष मला आठवत होतं. जुईला गाडीत बसवताना कुमुदनं तिच्या बॅगेची चेन तपासली होती आणि डब्यातलं पुरी-भाजीसोबतचं लोणचं सांडणार नाही ना एवढं पाहिलं होतं. नंतर तिचे फोन असायचे ते तारेसारखे. जेवली का, अभ्यास कर, ठेवते. जुई मैत्रिणींना हे हसत सांगायची, पण त्या हसण्यात एक बारीक काटा होता हे बापाला कळतं. आईला आपलं जाणं फारसं जाणवलं नाही, अशी तिची कित्येक वर्षं समजूत होती. आणि मी संध्याकाळी ऑफिसातून येऊन भात-वरण जेवत होतो, चिमणीची पाठ खाजवत होतो, आणि ती बरी भरतेय म्हणून समाधान मानत होतो.

"आता नासलं का हे?" कुमुदनं काळजीनं विचारलं. "ज्वारीनं तुयं काम बिघडलं का? दुसरी गाय पाहा लागते?"

जुईनं नुसती मान हलवली, मग खुर्ची सारून उठली आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसून उभी राहिली. कुमुद अवघडली. तिला या गोष्टींची सवय नाही. थोडा वेळ तिचा हात जुईच्या पाठीवर तसाच पडून होता, मग ती पाठ थोपटू लागली, वासराची थोपटावी तशी, जरा जोरातच.

काम बिघडलं नव्हतं. उलट, नंतर जुईनं समजावलं, एवढी उत्तम मोजपट्टी तिला मागूनही मिळाली नसती. धानाच्या मुलखात एका घरात एक पोतं ज्वारी आली आणि ती एका गाईच्या पोटात गेली, एवढीशी गोष्ट जी दाढ सांगू शकते, तिच्या सोबतीनं जुन्या दाढा वाचायला हरकत नाही. तिच्या वरिष्ठांनाही ते पटलं. तिच्या कामाचं कुलूप उघडलं.

मला राहून राहून वाटतं ते वेगळंच. चिमणी एवढी वर्षं जगली. पाऱ्यात मिरवली, पाचसात वेळा व्याली, आमचं घर जाताना पाहिलं, अभनपूरला म्हातारी झाली. त्यातलं दाढेला काही म्हणजे काही ठाऊक नाही. तिला आठवतं ते एकच वर्ष, आणि नेमकं ते निघालं आमच्या घरात एक ताट कमी झालेलं वर्ष. माणसाच्या आठवणीत आपण सोयीनं काहीबाही घालतो, काढतो. कुमुदनं ते वर्ष कधी कुणाला सांगितलं नाही, आणि तिला वाटलं असेल की न सांगितलेली गोष्ट आपल्यासोबतच जाईल. जनावराच्या पोटात जे जातं ते कुठंतरी लिहिलं जातं, याची तिला काय कल्पना.

यंदाही धान चांगलं आलं आहे. ट्रॉल्या जाताहेत, कुमुद बाल्कनीतून निकाल देते आहे. टेकाडातल्या बऱ्याचशा दाढा जुईच्या वाचून झाल्या. बहुतेक सगळ्या सारखंच सांगतात, पावसाळ्यात माळ, मग पैरा. तेव्हाही पाऊस होता, तेव्हाही धान होतं. या आठवड्यात जेवताना तिनं एका निराळ्या दाढेची गोष्ट काढली. त्या एकाच दाढेत, ऐन कोरड्या दिवसांत, रेघ जराशी उचललेली आहे. कुणीतरी त्या एका गाईला हातानं कोदोसारखं काहीतरी जड धान्य भरवलं असावं. बाकीच्या गुरांना नाही, हिलाच.

"समझ नहीं आता क्यों," जुई म्हणाली. "शायद बीमार रही होगी."

कुमुद ताकाची वाटी पुढं सारत होती. तिनं फार विचार केला नाही.

"बीमार कायची? कोणाची तरी पोट्टी सासरी गेली असंन."

जुईनं ताकाची वाटी उचलली आणि तशीच खाली ठेवली. मग म्हणाली, "ये मैं लिख नहीं सकती, आई."

"नको लिहू," कुमुद म्हणाली. "तुले माहीत असलं म्हणजे झालं."